आबांच्या कानातला रातकिडा

कूलरच्या ताट्यांमध्ये नवं गवत भरून घेतलं की आमच्याकडे उन्हाळा सुरू होतो, मग कॅलेंडर काहीही म्हणो. राजापेठेच्या रस्त्याकडेला गवताचे भारे दिसायला लागतात, पाण्याच्या मोटरी विकायला येतात, आणि अमरावतीतला प्रत्येक संसारी माणूस गच्चीवरून किंवा माळ्यावरून तो गंजका पत्र्याचा डबा खाली उतरवायच्या तयारीला लागतो. पहिल्या दिवशी ओल्या गवताचा वास घरभर पसरतो आणि घरघर सुरू होते. ती घरघर माझ्या बायकोला, सुनंदाला, बिलकूल सोसत नाही. मला मात्र तिची ओढ लागलेली असते. होळी व्हायच्या आत मी कूलरच्या गोष्टी काढतो आणि सुनंदा म्हणते, "अजून सकायी चादर घ्या लागते, अन् तुमाले कूलर पायजे."

कारण तिला ठाऊक आहे. माझ्या कानात आवाज येतो. बारीक, धारदार, कधीच न थांबणारा. डाव्या कानात जास्त, उजव्यात जरा कमी. बाहेर असा कुठलाही आवाज नसतो, दुसऱ्या कुणाला तो ऐकू येत नाही, आणि मी कान झाकले तर तो उलट जास्त येतो. कूलर चालू असला की घरघरीत तो बुडून जातो आणि मी दुपारची झोप घेऊ शकतो. हिवाळ्याचं सगळ्यांना कौतुक, मला धास्ती. सगळं शांत झालं की याचं राज्य सुरू होतं. गंमत अशी की हे दुखणं मला उन्हाळ्यानेच दिलं, आणि त्यावर पांघरूण घालायलाही उन्हाळाच येतो. या ऋतूवर रागवावं की त्याचे आभार मानावे, हे मला अजून कळलेलं नाही.

यंदा गवत भरून झालं त्याच आठवड्यात अकोल्याहून लग्नाची पत्रिका आली. सुनंदाचे मोठे भाऊ, प्रकाशदादा, यांच्या धाकट्या मुलाचं लग्न. पत्रिका छान होती, जाड, सोनेरी काठाची. सुनंदाने तिला हळदकुंकू लावून देवापुढे ठेवली. मी खुर्चीत बसलो होतो आणि कानातला आवाज एकदम वाढल्यासारखा वाटला. तो वाढत वगैरे नसतो. मीच त्याच्याकडे वळून बघतो.

दादांच्या थोरल्या मुलाचं लग्न झालं तो वैशाख मला अजून अंगावर आठवतो. अकोल्याचं ऊन म्हणजे काय, ते अकोल्याच्या माणसालाच विचारावं, आणि तो सांगणार नाही, कारण त्याला त्याचा अभिमान असतो. डाबकी रोडवर मांडव पडला होता. कापडी छतातून ऊन गाळून आल्यासारखं पिवळं पडत होतं, आणि त्याखाली पन्हं, बर्फाच्या लाद्या, आचाऱ्याच्या मोठ्या कढया, मोगऱ्याचे गजरे, आणि घामाने भिजलेले नवे सदरे यांचा मिळून एक वास होता. तो वास मला आवडतो. लग्नं मला आवडायची. मी काही अंगाला हळद लागली की तोंड वाकडं करणारा माणूस नव्हतो.

आमच्याकडे नवरदेवाच्या मिरवणुकीला परण्या म्हणतात. सुनंदाच्या माहेरी एक रीत आहे, की परण्यात नवरदेवाच्या घोड्याचा लगाम घरच्या थोरल्या जावयाने धरायचा. घोड्याचा मालक असतोच बाजूला, खरं काम तोच करतो, पण लगाम जावयाच्या हातात. तो मान आहे. आणि त्या घरचा थोरला जावई मी.

घोड्यापुढे डीजेची गाडी होती. तोपर्यंत मी डीजे लांबून ऐकला होता, म्हणजे खिडकी लावून घेत शिव्या घालायच्या अंतरावरून. इतक्या जवळ पहिल्यांदाच उभा होतो. गाडीच्या पाठीवर पेट्यांची भिंत रचलेली, आणि तिचं तोंड आमच्याकडे. सुरू झाला तेव्हा आवाज कानाला आधी कळलाच नाही. तो छातीला कळला, पोटाला कळला, हातातल्या लगामाला कळला. रस्त्याकडेच्या दुकानांची शटरं थरथरत होती. पोरं नाचत होती, सुना नाचत होत्या, मधुमेहवाले आणि गुडघेदुखीवालेही नाचत होते. खोटं कशाला बोलू, थोडा वेळ मीही पाय हलवले.

मग डाव्या कानात टोचल्यासारखं व्हायला लागलं. मी लगाम घोडेवाल्याच्या हातात दिला आणि मागे सरलो, बायकांच्याही मागे, रसवंतीच्या सावलीत जाऊन उभा राहिलो. एवढंच. पण परण्यातून जावई बाजूला होतो म्हणजे काय, हे वऱ्हाडात कुणाला सांगावं लागत नाही. जावई रुसला. बघता बघता बातमी पार पुढे गेली. डीजे थांबला. प्रकाशदादा स्वतः उन्हातून धावत आले, त्यांच्यामागे आणखी दोघं, एकाच्या हातात टोपी आणि उपरणं.

"काय चुकलं जवाईबापू? कोनं काई बोललं का तुमाले?"

"काई नाई दादा. कान दुखून राह्यला."

"कान दुखून राह्यला म्हनते," मागच्या एकाने दुसऱ्याला डोळा मारून सांगितलं. कान दुखणं हे रुसण्याचं सभ्य नाव आहे असंच सगळ्यांना वाटलं. मी खरं सांगत होतो आणि जितकं खरं सांगत होतो तितका जास्त रुसलेला दिसत होतो. त्यांनी मला टोपी घातली, उपरणं गळ्यात टाकलं, पेढा भरवला, आणि हाताला धरून सन्मानाने परत पुढे नेलं. आधी उभा होतो तिथे नाही, त्याच्याही पुढे, अगदी पेट्यांसमोर, जावयाच्या मानाचं एक गाणं म्हणून. दादांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला होता. त्या हातात इतकं प्रेम होतं की तो झटकून निघून जाणं मला जमलं नाही. कुणालाही जमलं नसतं.

लग्न लागलं, अक्षता पडल्या, पंगती उठल्या. जेवताना वाढपी काय विचारतात ते मला कळत नव्हतं, सगळे दुलईतून बोलत असल्यासारखे. उद्यापर्यंत उतरेल, असं वाटलं. दुलई खरंच उतरली, दोनतीन दिवसांत. आवाज राहिला. पाहुणे गेले, मांडव गेला, नवी सून रुळली, तिला आता मूल आहे. आवाज आहे तिथेच आहे.

अमरावतीच्या डॉक्टरांनी मला एका बंद खोलीत बसवून कानाला यंत्र लावलं आणि बारीक बारीक सूर ऐकवले. ऐकू आलं की बटण दाबायचं होतं. बराच वेळ मी बटणावर बोट ठेवून बसलो होतो. काचेपलीकडच्या मुलीकडे पाहिलं तर ती माझ्याकडे पाहत होती, तेव्हा मला समजलं की मधल्या काळात सूर येऊन गेले. डॉक्टर भला माणूस होता. त्याने समजावून सांगितलं. कानाच्या आत फार नाजूक केसांसारख्या पेशी असतात, आवाज आला की त्या लवतात आणि पुन्हा उभ्या राहतात. वाऱ्याने गहू लवतो तसं, तो म्हणाला. पण गारपिटीने आडवा झालेला गहू उठतो का? आणि गहू निदान दुसऱ्या वर्षी पेरता येतो, या पेशी पुन्हा येत नाहीत. जिथून काही येईनासं होतं, तिथली उणीव मेंदू स्वतःच आवाज करून भरून काढतो, असं काहीसं तो म्हणाला. मी औषध विचारलं. तो म्हणाला, सवय होईल. आणि आता राहिलेलं सांभाळा.

सवय झाली, असं मी सगळ्यांना सांगतो. राजापेठेत माझं वह्या-पुस्तकांचं दुकान आहे, आजूबाजूला ट्यूशनच्या क्लासांची गर्दी. परीक्षेच्या दिवसांत पोरं झुंडीने येतात, सगळी एकदम बोलतात, आणि त्यात हळू बोलणाऱ्या मुली असतात. त्यांचे शब्द मला अर्धे येतात. मी ओठ बघतो, बोटाने दाखव म्हणतो. दूध उतू जाताना होणारी सळसळ गेली, चिमण्या गेल्या. चिमण्या दिसतात, चोच उघडतात, मिटतात. सुनंदा एरवी तोंडाने फटकळ, पण काम करताना स्वतःशी पुटपुटते, ते पुटपुटणं गेलं. पूर्वी मी त्यावर तिला चिडवायचो. आता ती काय पुटपुटते ते मला माहीत नाही, आणि "काय म्हनलं?" असं विचारलं की ती म्हणते, "काई नाई." तिच्या भावाच्या घरचं लग्न होतं म्हणून तिच्यासमोर मी या विषयावर कधी तोंड उघडत नाही. ती उघडते. "मी तवाच म्हनाले पायजे होतं," म्हणते. काय म्हणायला पाहिजे होतं, ते तिलाही सांगता येत नाही.

या सगळ्यात एक गंमत होती, ती म्हणजे रेवा. आमची नात. मुलगी केतकी पुण्याला असते, तिची ही मुलगी. तिच्या आजोबांच्या कानात रातकिडा राहतो, हे मीच तिला सांगितलं. काय सांगणार दुसरं, पेशींच्या गोष्टी? पुण्याच्या सोसायटीत तिला रातकिडा माहीत नव्हता, म्हणून मागच्या अंगणात, कडुलिंबाखाली, संध्याकाळी तिला उभं करून ऐकवला. माझ्यापर्यंत तो येत नव्हता, पण तिच्या चेहऱ्यावर आलेला मी पाहिला. तेव्हापासून ती आली की रोज आमचा एक खेळ असतो. ती पलंगावर चढते, माझ्या डाव्या कानाला आपला कान चिकटवते, श्वास रोखते. तिचे केस गालाला टोचतात, खोबरेल तेलाचा वास येतो.

"नाही ऐकू येत, आबा."

"झोपला असेल."

"तुम्हाला येतोय?"

"मले तर येऊन राह्यला."

"मग मला का नाही येत?"

"तू लहान हाय म्हनून." मी हे किती सहज म्हणायचो. ती गाल फुगवायची आणि उद्या परत बघू म्हणून उतरून जायची. तो आवाज माझ्या आयुष्यात आल्यापासून त्याचा मला काही उपयोग झाला असेल, तर एवढाच. त्याच्यामुळे एक लहान कान रोज माझ्या कानाला लागायचा.

यंदा केतकी लग्नासाठी रेवाला घेऊन आली आणि दुसऱ्याच दिवशी दादांचा फोन आला. सुनंदाने तो स्पीकरवर लावला. दादांनी ठरवलं होतं, रेवाला करवली करायचं. आणि नुसती सोबत चालणारी नाही, घोड्यावर नवरदेवापुढे बसणारी. रेवाने घरभर उड्या मारल्या. घोडा म्हटल्यावर कुठलं मूल उड्या मारणार नाही?

माझ्या डोळ्यापुढे ती पेट्यांची भिंत आली. मी जमिनीवर उभा होतो. घोड्यावरचं मूल बरोबर त्या पेट्यांच्या उंचीला येतं. मी दुपारी दुकानातून दादांना फोन लावला. या वेळी कान माझे नव्हते, म्हणून मी नेहमीपेक्षा जरा रेटून बोललो. म्हटलं, बँड सांगा, सनई सांगा, वाटलं तर डीजे सांगा, पण घोड्यापासून लांब ठेवा आणि आवाज अर्धा करा. पोरीचे कान नाजूक असतात.

 दादा हळू आवाजात, म्हणजे मला कसंबसं कळेल इतक्या हळू, म्हणाले, "जवाईबापू, मांगच्या लग्नातलं अजून मनात ठेवून हाय का तुमी?"

 मी नाही म्हणालो. ते म्हणाले, पोरांनी डीजेवाल्याला कधीचंच सांगून ठेवलंय, आता नाही म्हटलं तर नवरदेवच रुसेल. पण सांगतो त्याला, जरा बेतानं वाजव म्हणून. त्यांनी सांगितलंही असेल. प्रकाशदादा शब्दाचे पक्के आहेत. केतकीशी बोललो तर ती म्हणाली, "बाबा, अर्धा तास तर आहे. मी किती लग्नांत नाचले, मला झालं का काही? तुमच्या वयामुळेही झालं असेल ते." ती मला दुखवायला बोलली नाही. तिलाही रेवाला घोड्यावर बघायचं होतं. आणि खरं सांगू का, मलाही बघायचं होतं.

आम्ही गाडीने निघालो. बडनेरा गेलं, मूर्तिजापूरला थांबून उसाचा रस घेतला. दोन्ही बाजूंना नांगरून ठेवलेली काळी शेतं उन्हात वाफ सोडत पडली होती. रेवा सगळा रस्ता घोड्याचं नाव काय असेल यावर बोलत होती. ती माझ्या उजव्या बाजूला बसली होती म्हणून मला बरंच ऐकू आलं.

परण्याच्या वेळी मी घोड्याजवळ गेलो. घोडेवाला घोड्याच्या कानात कापूस भरत होता, चांगला दाबून, बोळे करून. रेवाला त्याची मजा वाटली. घोड्याला सर्दी झालीय का, तिने विचारलं. मी त्याच्याकडून थोडा कापूस मागून घेतला. कापसाने आवाज फारसा अडत नाही हे डॉक्टरांनी मला सांगितलं होतं. रबराचे बोळे मी स्वतःसाठी आणले होते, ते तिच्या कानात बसत नव्हते. माझ्याकडे दुसरं काही नव्हतं. मी दोन बोळे वळले, तिच्या कानांत हलकेच बसवले, आणि ती खुदकन हसली.

नवरदेवाच्या मुंडावळ्या नीट करायला सुनंदाची मावशी आली. वयाने सगळ्यांत मोठी, सगळ्यांवर जीव लावणारी बाई. तिने रेवाचं तोंड हातात धरलं आणि तिचे डोळे एकदम मोठे झाले.

"कोनं घातला हा कापूस?"

"म्या घातला मावशी. आवाजाचा तरास होईन तिले."

"कापूस कोनाच्या कानात घालते, ठाऊक नाई का तुमाले?" तिने शब्द उच्चारला नाही. "शुभकार्यात? लेकराच्या?" मेलेल्या माणसाच्या नाका-कानात घालतात तो कापूस. ते माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.  केतकीचा चेहरा उतरला. ती पुण्याला कितीही राहिली तरी आई आहे. मावशीने दोन्ही बोळे काढून रस्त्यावर टाकले, रेवाच्या गालांवरून बोटं फिरवून कानशिलावर मोडली, आणि तिला उचलून घोड्यावर दिलं. घोड्याच्या कानातला कापूस तसाच राहिला.

लगाम माझ्या हातात होता. या वेळी मी मागे सरलो नाही. सरलो असतो तर पुन्हा समजूत, पुन्हा टोपी, आणि पोरगी तर वरच राहणार होती. मी आपले रबराचे बोळे आपल्या कानांतून काढले. का काढले, ते मला नीट सांगता येणार नाही. मला तिच्याएवढंच ऐकायचं होतं. डीजे सुरू झाला. मी सगळा वेळ वर पाहत चाललो. ती आधी दचकली, तिने हात कानांवर नेले, मग नवरदेवाने तिला हसवलं, बायकांनी तिच्यावरून नोटा ओवाळल्या, आणि ती दोन्ही हात हवेत करून नाचायला लागली. मी तिला खुणेने कान झाक म्हणत होतो. तिला वाटलं मी नाचतोय. ती माझ्याकडे बघून आणखी जोरात हात हलवू लागली.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही अमरावतीला परतलो. केतकी बॅगा उपसत होती, सुनंदा स्वयंपाकघरात साराची तयारी करत होती. जेवणं होता होता लाईट गेली. कूलर घरघरत थांबला, पंखा दोन फेरे घेऊन थांबला, आणि घरात ती शांतता आली जिला मी घाबरतो. मी पलंगावर आडवा होऊन भिंतीकडे तोंड करून पडलो. दोन्ही कान सारखेच वाजत होते आता.

रेवा चढली. पायांना अजून मेंदी होती. तिने केस मागे केले, नेहमीसारखा तिचा कान माझ्या कानाला चिकटवला आणि श्वास रोखला. मी "झोपला असेल" म्हणायच्या तयारीत होतो.

"आबा," ती म्हणाली, "आला! ऐकू आला!"

मी उठून बसलो. तिचा चेहरा फुलला होता. इतक्या दिवसांनी ती जिंकली होती.

"कसा हाय आवाज?" मी विचारलं. माझा आवाज मलाच लांबून आल्यासारखा वाटला.

"बारीक आहे. ईऽऽऽ असा. तुम्ही म्हणाला होतात तस्साच." ती पलंगावरून उतरली, दाराशी गेली, डोकं तिरकं करून थांबली. "इथूनसुद्धा येतोय."

"रेवा, इकडे ये बाई."

पण ती पळाली होती. स्वयंपाकघरात तिचे पाय वाजले, आजीला काहीतरी सांगितल्याचं कळलं, आणि सुनंदाच्या हातातलं पातेलं खाली पडलं. मग मागचं दार उघडलं. आणि अंगणाच्या पार टोकाहून, भर दुपारच्या कडुलिंबाखालून, ती मला ऐकू जावं म्हणून बेंबीच्या देठापासून ओरडली, "आबा, इथेसुद्धा येतोय!"